मंगलताईचा रोल

मंगलताई माहेरी आली त्या आठवड्यात आमच्या घरातला फोटोचा रोल धुवायचा डेव्हलपर संपत आला होता. अण्णा रोज कामावर जाताना ती तपकिरी बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचे आणि "आज येताना आणतो" म्हणायचे. पण ताई आल्यापासून ते कंपनी सुटली की कुठेही न थांबता थेट घरी येत होते. आल्या आल्या चपला काढायच्या आधी आत डोकावून ती आहे ना, एवढं बघायचे. मग पायरीवर बसून चपला काढायचे. त्या गडबडीत बाटली तशीच राहिली.

भांडुपला टेकडीच्या अंगाला आमची तीन मजली इमारत होती. आम्ही पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. अण्णा विक्रोळीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे, आणि सुटीच्या दिवशी फोटो काढायचे. बारसं, साखरपुडा, इमारतीतला गणपती. पैशासाठी नाही, हौस म्हणून. रोल ते घरीच धुवायचे. आमची बाथरूम म्हणजे जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा. तिच्या उंच झरोक्याला काळं कापड ठोकलं, दाराच्या फटीत जुनी गोधडी कोंबली, की झाली डार्करूम. वरच्या फळीवर डेव्हलपरची बाटली आणि उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या हायपोची बाटली, दोन्हींवर अण्णांच्या ठसठशीत अक्षरात 'विष'. आईला त्या बाटल्यांची फार धास्ती. हायपोचा आंबूस वास स्वयंपाकघरात आला की ती लोणच्याची बरणी उचलून गॅलरीत नेऊन ठेवायची. "एक दिवस कोणीतरी सरबत म्हणान पिऊन टाकीत," म्हणायची. आई मालवणची. रागावली किंवा घाबरली की तिची मालवणी बाहेर पडायची, एरवी ती आमच्यासारखंच बोलायची. त्या उन्हाळ्यात ती जवळजवळ फक्त मालवणीच बोलली.

रोल धुवायला अण्णांनी मला शिकवलं होतं. ताईला नाही, कारण ताईला अंधाराची भीती वाटायची. मी अकरावीची परीक्षा दिली होती. मापाचा ग्लास जमिनीवर ठेवायचा, आपण उकिडवं बसून डोळा पाण्याच्या रेघेला आणायचा, पाणी काचेला चिकटून कडेला वर चढतं तिकडे बघायचं नाही, मधला खोलगट भाग बघायचा. पाण्यात डेव्हलपर ओतायचा तो धार बारीक ठेवून, फेस न करता. हे सगळं मी अण्णांच्या शेजारी बसून कितीदा केलं होतं. एकटीनं कधीच नाही.

ताई आली ती भर दुपारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, घाटकोपरला दिली होती. त्याआधीही ती दोनदा अशीच आली होती आणि दोन्ही वेळा अण्णांनीच तिला समजावून परत पोहोचवलं होतं. संसारात भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून. या वेळी तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि हातपाय धुतले. जेवायला बसली तेव्हा आम्ही सगळे सवयीनं भिंतीला टेकलो, ती मात्र ताठ बसून राहिली. आईनं बांगड्याची तुकडी तिच्या पानात वाढली, तिनं ती नुसती चिवडली. संध्याकाळी आई तिला न्हाऊ घालायला आत घेऊन गेली आणि आतून आईचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. विहिरीत बादली पडताना दोर सुटला तर माणूस जसा श्वास ओढतो, तसा आवाज.

"स्टोव्हचा भडका उडाला," ताई म्हणाली.

"भडको पाठीक कसो लागता गो?" आई म्हणाली. "आणि उलथन्याच्या आकाराचो?"

त्यावर ताई रडलीही नाही. तो शब्द, भडका, आमच्या घरात त्या दिवसापासून कोणी आपणहून उच्चारला नाही. आजच्या मुलींना सांगून कळणार नाही की तो शब्द तेव्हा काय होता. पेपरात आतल्या पानावर रोज दोन ओळींची बातमी असायची, स्टोव्हच्या भडक्यानं विवाहिता मृत्युमुखी. गाव बदलायचं, नाव बदलायचं, बातमी तीच. आई पेपर वाचत नसे, पण त्या दिवसापासून ती अण्णांच्या हातातला पेपर आधी काढून घ्यायची आणि माझ्याकडून आतलं पान वाचून घ्यायची. सगळं वाचून झालं की "बरां" म्हणायची आणि भाजी चिरायला बसायची. मला रात्री झोप लागायची नाही. शेजारी ताई पालथी झोपलेली असायची आणि मी तिचा श्वास ऐकत पडायची.

घाटकोपरच्या एका वकीलबाईंचं नाव आईनं कुठून तरी मिळवलं होतं. अण्णा आणि आई त्यांना भेटून आले. बाई म्हणाल्या होत्या, जखमा भरून येतील आणि मग तुमच्या मुलीच्या तोंडी शब्दाशिवाय तुमच्याकडे काही उरणार नाही. फोटो काढा. चेहरा आणि पाठ एकाच फोटोत दिसली पाहिजे, नाहीतर ते म्हणतील ही दुसऱ्याच कोणाची पाठ. सोमवारी या. आणि इकडे भावोजींचा निरोप आला होता की रविवारी संध्याकाळी ते ताईला न्यायला येतील.

स्टेशनजवळ एक फोटो स्टुडिओ होता, पण त्याच्या मालकाची भावोजींशी उठबस होती. आणि ओळख नसती तरी अण्णांनी तो रोल परक्याच्या हातात दिला नसता. म्हणून रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चांगला उजेड येत होता तेव्हा अण्णांनी कॅमेऱ्यात नवा रोल भरला, अंतर पावलांनी मोजलं, काय काय फिरवायचं ते फिरवून ठेवलं, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"आता कशालाही हात लावू नकोस. फक्त बटण दाब. प्रत्येक फोटोनंतर रोल पुढे घे," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

आईनं ताईचा पदर धरला. ताईनं खांद्यावरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काचेतून बघत होते म्हणून मला ते जमलं. नुसत्या डोळ्यांनी मला तिकडे बघता आलं नसतं.

मग अण्णा आत आले, बाथरूममध्ये सगळं मांडून ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "वंदू, तूच धू."

"मी? अण्णा, मी एकटीनं कधी केलं नाहीये."

"मला ते बघायचं नाही." एवढंच म्हणाले. बाटलीकडे बोट दाखवून ते दारातून बाजूला झाले.

डेव्हलपर तळाला गेला होता आणि चहासारखा झाला होता. जुना झाला की तो तसाच होतो आणि पार काळपट झाला की मेला समजायचं. रविवार, दुकान बंद. अण्णांनी रोलच्या तोंडाची उजेड लागलेली जीभ कात्रीनं कापून दिली आणि म्हणाले, यावर एक थेंब टाकून बघ, तुकडा काळा पडला तर डेव्हलपर चालेल. मी थेंब टाकला आणि बघत बसले. पिवळसर तुकडा तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. मग कडेनं करडा झाला, आणि हळूहळू कोळशासारखा काळा. डेव्हलपर जिवंत होता. दाराबाहेरून अण्णांनी विचारलं, "झाला काळा?" मी हो म्हटलं. आई म्हणाली, "देवा रवळनाथा."

बाटलीतला सगळा ओतला तेव्हा बरोबर दीडशे मिली भरला, थेंबभर कमी असेल. रोल ज्या उजेडबंद टाकीत धुतात तिला तीनशे लागतात. म्हणजे जेवढा डेव्हलपर तेवढंच पाणी, आणि तक्त्यात बघून वेळ वाढवायची. पाणी मी माठातलं घेतलं तरी ते मे महिन्याचं पाणी, हाताला कोमट लागत होतं. थर्मामीटरचा पारा हवा त्यापेक्षा कितीतरी वर. पाणी गरम राहिलं तर फोटो काळे ठिक्कर पडतात, वर फिल्मचा थर सुटून येतो ती गोष्ट वेगळीच. आईनं वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून बर्फाचा ट्रे आणला. मला इतकी घाई झाली होती की मी दोन खडे थेट ग्लासात टाकायला निघाले.

"बर्फ आत नको," बाहेरून अण्णा म्हणाले. त्यांना आत काही दिसत नव्हतं, पण ट्रे आपटल्याचा आवाज ऐकून ते समजले असावेत. "बर्फ वितळला की पाणीच वाढतं. परातीत टाक, ग्लास परातीत ठेव."

आता साठी उलटली तरी कधी घाबरून हातून घाई झाली की मला ते दोन खडे आठवतात. माझ्या बोटांना चिकटले होते, झटकले तरी सुटत नव्हते.

मिश्रण थंड व्हायला परातीत ठेवलं, दिवा घालवला आणि अंधारात रोल टाकीतल्या रिळावर चढवायला बसले. सगळा डेव्हलपर आता माझ्या पायापाशी परातीत होता. पाय हलला आणि परात कलंडली तर दुसरा थेंब घरात नव्हता. मी पाय मोरीच्या भिंतीला दाबून धरला आणि त्यात गोळा आला. बोटांना घाम सुटलेला, फिल्म रिळात अडकत होती, दोनदा बाहेर काढून पुसून परत घातली. अंधारात फिल्म अशी कुरकुरते, बारीक किड्यासारखी. तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली.

संध्याकाळी येणार होते ते सकाळीच आले. भावोजी आणि त्यांची आई. मला दिसत नव्हतं काही, फक्त आवाज. भावोजींचा आवाज फार गोड होता. मी त्या माणसाला कधीही चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, त्या दिवसापर्यंत.

"काय अण्णा, बरे आहात ना? म्हटलं संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत कशाला थांबायचं. आंबे आणलेत. आई म्हणाली सुनेला घेऊन येऊ."

"बसा," अण्णा म्हणाले.

फिल्म एका झटक्यात पुढे सरकली. का ते मला आजही माहीत नाही. मी रीळ टाकीत ठेवलं, झाकण फिरवलं, दोनदा चाचपलं आणि दिवा लावला. पारा जवळजवळ जागेवर आला होता. परातीतला ग्लास दोन्ही हातांनी उचलून ओतला, आणि अण्णांनी शिकवल्याप्रमाणे हवेचे बुडबुडे सुटावेत म्हणून टाकी फरशीवर आपटली. टक्.



"आत कोण आहे?" ताईच्या सासूनं विचारलं.

"धाकटी," अण्णा म्हणाले. "आंघोळ करतेय."

मी अण्णांना त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. कारखान्यात एक सुटा भाग मापात बसला नाही तर ते अख्खी खेप परत पाठवायचे. मी पटकन नळ सोडला. पाणी गेलेलं होतं, नळ नुसता फुसफुसला. मग तांब्यानं बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. एका हातानं पाणी ओतायचं आणि दुसऱ्या हातानं टाकी उलटी सुलटी करायची. टाकी थांबवून चालत नाही, थांबवली तर डाग पडतात. घड्याळ फळीवर होतं आणि त्याचा काटा मला पुढे जाताना दिसत नव्हता.

बाहेर चहाच्या कपांचा आवाज, सासूबाईंचं चाललेलं, माणसं काय म्हणतील, चार दिवस झाले, शेजारी विचारतात. मग भावोजी म्हणाले, "जरा हात धुतो, आंब्याचा चीक लागलाय," आणि त्यांची पावलं बाथरूमकडे आली. दाराची कडी बारीक होती, एक खिळा निघालेला. दार आत ढकललं गेलं आणि फटीतली गोधडी सरकली.

"वंदू, आटप लवकर. किती वेळ आंघोळ?"

टाकी हातात, पाठ दाराला लावलेली, आणि दारापलीकडून त्यांचा तळहात माझ्या पाठीला कळत होता. मी टाकी उलटी केली. सुलटी केली.

"जावयबापू, हयसर या, हयसर धुवा," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "पोरगी न्हाता हा. बरां दिसता काय ता?"

हात निघाला. पावलं स्वयंपाकघरात गेली. डेव्हलपर ओतून टाकायची वेळ झाली होती. तो ओतला, पाणी फिरवलं, हायपो भरला. मी टाकी पुन्हा उलटी सुलटी करत होते तेव्हा बाहेरून मला ताईचा आवाज ऐकू आला.

"येते मी. साडी बदलते."

चार दिवसांत ती इतकं स्पष्ट वाक्य बोलली नव्हती. अण्णा काहीतरी बोलायला गेले, तर तीच म्हणाली, "राहू दे अण्णा. उगाच तमाशा कशाला." आणि दारावर हलकी टकटक झाली. "वंदे, उघड गं. माझी साडी आत वाळत घातलीय."

मी कडी काढली, ती आत आली, मी पुन्हा कडी घातली. दोघी एकमेकींना चिकटून उभ्या. हायपोची वेळ भरत आली होती. खरं म्हणजे मी थांबायला हवं होतं, पण मला वाटलं हिनं न बघता जायला नको. मी झाकण उघडलं, रीळ हायपोतून काढलं आणि फिल्म सोडवून दिव्यासमोर धरली. फोटो आले होते. सगळेच्या सगळे.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"तुझी पाठ."

तिनं ती कधी बघितली नव्हती. आपली पाठ कोणाला दिसते? आरसा त्यांच्या घरात सासूच्या कपाटात. तिला फक्त दुखायचं, कुठे किती ते तिला माहीत नव्हतं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. पाठ काळी आणि चट्टे काचेसारखे पारदर्शक, दिवा त्यांच्यातून आरपार येत होता. आणि वर मान वळवलेला तिचाच चेहरा. तिनं फिल्म माझ्या हातातून घेतली नाही, फक्त ओठ हलवत एकेका चट्ट्यावर नजर फिरवली.

"हा जुना," ती म्हणाली. "हा गणपतीतला. मला वाटलं होतं, गेला असेल."

हायपो तिच्या हातावर ठिबकत होता. मग ती म्हणाली, "वंदू, पुढच्या वेळी ते रॉकेल घेतील ना?"

मी सोळा-सतरा वर्षांची होते. मी रडायला लागले. तिनं साडी दोरीवर तशीच ठेवली, पदर सारखा केला आणि कडी काढून बाहेर गेली.

"मी येत नाही," ती म्हणाली. "आज नाही आणि नंतरही नाही."

त्यानंतर भावोजींचा तो दुसरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. आंब्यांची पिशवी भिंतीवर आपटल्याचं आणि आंबे जमिनीवर घरंगळल्याचं ऐकू आलं. सासूबाई म्हणत होत्या, बघतेच कशी राहते, बघतेच. मी फिल्म पाण्यात टाकली आणि टाकी छातीशी धरून दारात आले. अण्णा ताईच्या पुढे उभे होते. हडकुळा माणूस, भावोजींच्या खांद्यालाही लागत नव्हता. त्यांनी हात वगैरे उगारला नाही. "चहा झाला. निघा आता," एवढंच म्हणाले, पुन्हा पुन्हा तेच. आवाजानं वरच्या काकू आणि त्यांचे दोन मुलगे जिन्यात येऊन उभे राहिले होते. त्यांना बघून भावोजी उतरले. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी वर बघितलं, ताईकडे नाही, माझ्याकडे, माझ्या हातातल्या टाकीकडे. ती काय आहे हे त्यांना कळलं नसावं. पण ती नजर किती तरी वर्षं माझ्या मागे लागली होती. कॉलेजातून येताना प्रत्येक वळणावर मी थांबून आधी बघायची.

फिल्म मी बादलीतल्या पाण्यात, तांब्या तांब्यानं, हात दुखेपर्यंत धुतली. मग स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमट्यानं टांगली. अण्णा खाली मान घालून तिच्याखालून ये-जा करत होते. दुपारी ती सुकली. मी गॅलरीत होते. आत आले तेव्हा अण्णा खिडकीपाशी उभे होते आणि फिल्म त्यांच्या दोन्ही हातांत होती. एकेक फोटो ते बघत होते, घाई न करता, कारखान्यात तपासतात तसे. शेवटच्यापर्यंत. मग त्यांनी ती पुन्हा दोरीला लावली.

"धुतलीय चांगली," ते म्हणाले. "कुठे डाग नाही."

आणि तिथेच जमिनीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघं फुटलेल्या आंब्यांचा रस पुसत होतो.

पुढे काय झालं ते सांगायला एक प्रकरण पुरणार नाही. कोर्टात तारखा पडत राहिल्या, भावोजींनी दगडही मारले आमच्या खिडकीवर, ताई कितीतरी महिने एकटी जिना उतरली नाही. शेवटी ती सुटली. आता ती मुलुंडला असते, बालवाडीतून निवृत्त झालीय, माझ्यापेक्षा जास्त हसते. त्या फोटोंविषयी आम्ही कधी बोलत नाही.

पण त्या सोमवारची सकाळ सांगितली पाहिजे. कागदावर छापायचा डेव्हलपर वेगळा, त्याची पुडी घरात होती; ती कालवून अण्णांनी पहाटे फोटो छापले होते आणि ते पाकिटात घालून मांडीवर ठेवून बसले होते. वकीलबाईंकडे जायचं म्हणजे घाटकोपरला जायचं, त्याच स्टेशनवर उतरायचं. ताई नेसून तयार होऊन आली आणि पाकीट तिनं मागून घेतलं.

"तुम्ही कामावर जा, अण्णा. पाठ माझी आहे, मीच दाखवते."

आई म्हणाली, "गो, एकटी खंय जातंस?" ताईनं तिच्या हातावर हात ठेवला. आणि ती जिना उतरली. मी गॅलरीत धावले. ताई टेकडीच्या उतारावरून चालली होती, पाकीट छातीशी धरून, कडेकडेनं. अण्णा डबा घेऊन निघाले. कोपऱ्यावर डावीकडे कंपनीची बस उभी राहते. बस उभी होती, ड्रायव्हरनं हॉर्नही दिला. अण्णा क्षणभर थांबले, त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि ताईला दिसणार नाही एवढं अंतर ठेवून तिच्या मागे उजवीकडे वळले.